मोरीचा दगड, बेसिनची झिलई आणि तीनशे वर्षांची धूळ

१.
न्हाणीघर नव्याने बांधायचे ठरले की घरात एक प्रश्न हमखास निघतो: भिंतीला आणि बेसिनला काय लावायचे? ग्रॅनाइट, संगमरवर, व्हिट्रिफाइड टाइल की हल्ली सर्वत्र दिसणारा क्वार्ट्झ? हा प्रश्न किमान साडेचार हजार वर्षे जुना आहे. त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि त्या बदलांत रेल्वे आहे, प्लेग आहे, एक चुकीचा वैद्यकीय सिद्धान्त आहे आणि कामगारांची फुप्फुसेही आहेत. आजच्या थ्रेडमध्ये हाच इतिहास पाहू. थ्रेड दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२.
आरंभ मोहेंजोदडोपासून करू. तेथील 'महास्नानगृह' सर्वांना ठाऊक असते: सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल. १९२५-२६ च्या सुमारास ते उजेडात आले. पाठ्यपुस्तके त्याच्या पायऱ्यांचे वर्णन करून थांबतात. खरी करामत मात्र पायऱ्यांच्या मागे दडलेली आहे. विटा उभ्या कडेवर, एकमेकींना घट्ट चिकटवून बसवल्या आहेत, सांध्यांत जिप्समचा गिलावा आहे आणि भिंतीच्या आत नैसर्गिक डांबराचा थर दिलेला आहे. आज बांधकामावर ज्याला आपण 'वॉटरप्रूफिंग' म्हणतो, तेच हे.

३.
माझ्या मते त्याहून मोलाचा पुरावा साध्या घरांत आहे. मोहेंजोदडोच्या बहुसंख्य घरांत स्नानासाठी विटांचा ओटा सापडतो. त्याला एका कोपऱ्याकडे उतार असतो आणि तेथून पाणी रस्त्यावरच्या गटारात जाते. या ओट्यांच्या विटा कापून, घासून अशा बसवलेल्या आहेत की दोन विटांमध्ये फट जवळजवळ दिसत नाही. इतका खटाटोप कशासाठी? कारण पक्की भाजलेली वीट पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण सांधा देतो. पाणी नेहमी सांध्यातून शिरते. पुढच्या सगळ्या इतिहासात हे एक सूत्र लक्षात ठेवावे.

४.
सांध्यावरचा दुसरा उपाय रोमन जगात सापडतो. वास्तुविशारद विट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की, ओल येणाऱ्या खोलीत जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंतच्या गिलाव्यात वाळूऐवजी भाजलेल्या कौलांचा चुरा घालावा. आपल्याकडची सुरखी ती हीच! भाजलेल्या मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि मिश्रण पाण्याखालीही घट्ट होते. नुसत्या चुन्याला हे जमत नाही, त्याला सुकायला हवा लागते. सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडील टाकी, हौद, पुष्करणी या चुना-सुरखीवरच पाणी धरून राहिल्या.

५.
आता दख्खनमध्ये येऊ. येथे निवड भूगर्भाने आधीच करून ठेवली होती. घाटावर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट: कठीण, जड आणि नीट पारखून घेतला तर पाणी न पिणारा. कोकणात जांभा: खाणीतून काढताना मऊ, हवा लागल्यावर टणक होणारा, पण अंगभर छिद्रे. म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या घरातही न्हाणीत बसायची धोंड आणि पाण्याची दोण काळ्या दगडाची असे. भिंतीला चालणारा दगड न्हाणीला चालत नाही, हे पाथरवटाला कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

६.
येथे एक गोष्ट सहसा सुटते. आपल्याकडे स्नान बसून होई. पाटावर किंवा धोंडेवर बसायचे, घंगाळातले पाणी तांब्याने अंगावर घ्यायचे. त्यामुळे पाण्याचा मारा होतो तो जमिनीवर, भिंतीवर उडतात ते शिंतोडे, आणि तेही कमरेच्या खाली. म्हणून जुन्या न्हाणीत सगळा खर्च आणि सगळे कौशल्य जमिनीत ओतलेले दिसते, भिंत साध्या चुन्याची. शॉवर आला, माणूस उभा राहून आंघोळ करू लागला आणि भिंत डोक्याच्या उंचीपर्यंत भिजू लागली. न्हाणीघराच्या फरशा कमरेवरून छतापर्यंत चढल्या, त्यामागे जितकी हौस आहे तितकाच हा देहस्थितीतला बदलही आहे.

७.
बेसिनचेही तसेच. युरोपात चेहरा धुण्यासाठी भांड्यात पाणी साठवत. आपल्याकडे तांब्यातून ओतलेल्या वाहत्या पाण्याने चूळ भरत, हातपाय धूत, आणि त्यासाठी मोरी पुरेशी होती. साठलेल्या पाण्यात तोंड धुणे आपल्या आजी-पणजीला शिसारी आणणारे वाटले असते. आपण बेसिन स्वीकारले, पण त्याचे बूच लावून कोणी तोंड धुताना दिसत नाही. वस्तू परकी, वापर देशीच राहिला.

८.
मग आली शहाबादी. भीमेच्या खोऱ्यातील हा चुनखडीचा दगड शहाबाद, वाडी, चितापूर या पट्ट्यात, म्हणजे त्या काळच्या निजामाच्या राज्यात मिळतो. तो थरांत असतो, त्यामुळे फारसा न घडवताही त्याच्या सपाट फरशा निघतात. १८७१ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग रायचूरला मद्रासच्या मार्गाशी जोडला गेला आणि हा मार्ग थेट शहाबादवरून जातो. जड दगड दूरवर नेणे त्यामुळे परवडू लागले. काळ्या पाषाणाला तासतासून सपाट करावे लागे, शहाबादी जवळजवळ तयारच येई. चाळीच्या मोरीपासून शाळेच्या व्हरांड्यापर्यंत ती पोहोचली, यात नवल ते काय!

९.
या दगडाची एक दुखरी बाजू प्रत्येक जुन्या घराला माहीत आहे. शहाबादी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मोरी 'चकचकीत' करण्यासाठी ॲसिड ओतले की ते दगडालाच विरघळवते. फेस येतो तो मळाचा नव्हे, दगडाचा. पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यात अधिक मळ अडकतो, मग पुन्हा ॲसिड. संगमरवर आणि कडप्पा यांचीही हीच गत, कारण तेही चुनखडीच्याच कुळातले. काळा पाषाण आणि ग्रॅनाइट या घरगुती ॲसिडला सहसा दाद देत नाहीत.

१०.
आता इंग्लंडकडे वळू, कारण आजचे बेसिन आणि भिंतीची टाइल दोन्ही तेथून आली. नळ घरात येण्यापूर्वी इंग्रज मध्यमवर्गाच्या शयनगृहात एक लाकडी मेज असे. त्यावर तस्त आणि पाण्याचा जग ठेवलेला. उडणाऱ्या पाण्याने लाकूड कुजू नये म्हणून वर संगमरवराची फळी बसवत. नळ आले तेव्हा याच फळीला भोक पाडून त्यात मातीचे भांडे अडकवले गेले. पाहिलेत, सांधा परत आला! भांडे आणि फळी यांच्या मधल्या खाचेत साबण, केस आणि ओल साचे. पुढे कडा आणि भांडे एकाच साच्यातून निघणारे बेसिन आले, त्याचे मोठेपण सौंदर्यात नसून सांधा नाहीसा करण्यात होते.

११.
परंतु मातीच्या भांड्याला आणखी एक खोड होती. साधी भाजलेली माती पाणी शोषते, म्हणून तिच्यावर काचेसारखी झिलई चढवतात. वर्षानुवर्षे ओल पिऊन आतली माती किंचित फुगते, वरची झिलई तशी फुगत नाही, आणि तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. जुन्या बेसिनमधल्या पिवळट रेषा त्या याच. यावरचा उपाय म्हणजे माती इतक्या उष्णतेला भाजायची की ती स्वतःच काचेसारखी घट्ट व्हावी. आज ज्याला व्हिट्रियस चायना म्हणतात, त्याचे पाणी शोषण्याचे प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत असते. झिलई टवकली तरी भांडे पाणी पीत नाही.

१२.
भिंतीच्या टाइलचा इतिहास चक्क बटणांपासून सुरू होतो. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर याने जवळजवळ कोरडी मातीची भुकटी यंत्राने दाबून बटणे घडवण्याचे पेटंट घेतले. हर्बर्ट मिंटन याने ही युक्ती टाइलना लावली. ओल्या मातीची टाइल सुकताना वाकते, आकसते. भुकटी दाबून केलेली टाइल मापात राहते. मापात असलेल्या टाइलांमधला सांधा बारीक ठेवता येतो. मोहेंजोदडोचा कारागीर वीट घासून जे साधत होता, ते आता यंत्र साधू लागले. या मिंटनच्या फरशा पाहायच्या असतील तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय गाठावे. नजर खाली ठेवावी, इतकेच.

१३.
आता तो चुकीचा सिद्धान्त. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डॉक्टर आणि अभियंते मानत की रोग दूषित हवेतून, कुजणाऱ्या घाणीच्या वाफेतून पसरतात. मग ओल शोषणारी जमीन, भेगाळलेली भिंत, मुरलेले सांडपाणी हेच शत्रू ठरले. त्यातून 'अभेद्य' पृष्ठभाग ही स्वच्छताविषयक कल्पना रूढ झाली: गुळगुळीत, धुता येणारा, आणि शक्यतो पांढरा. पांढरा का? मळ लपू नये म्हणून. रंगाला शोभेचा नव्हे, पहारेकऱ्याचा दर्जा मिळाला.

१४.
ही कल्पना मुंबईत सर्वांत क्रूर रूपात उतरली ती १८९६ मध्ये. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहरात त्याआधीच विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) यांचे पाणी आले होते, पण ते वाहून नेणारी गटारव्यवस्था त्या मानाने अपुरी होती. मोऱ्यांचे पाणी जमिनीत मुरत होते. अधिकाऱ्यांनी दोष ठेवला तो या ओलीवर आणि घाणीवर. गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली गेली, भिंतींना चुना फासला, घरांच्या जमिनी उकरल्या, आणि कित्येक घरांवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाची इंग्रजी अक्षरे रंगवली गेली.

१५.
प्लेगचा जंतू यर्सिनने १८९४ मध्येच शोधला होता. उंदरावरच्या पिसवा तो पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे मोरीची ओल प्लेगला थेट कारणीभूत नव्हतीच. लोकांची घरे ज्या तर्काने उकरली गेली, तो तर्क चुकीचा होता. मात्र त्याच तर्काने रूढ केलेली न मुरणारी जमीन, उतार आणि जाळीखालचा ट्रॅप या गोष्टी हगवण, विषमज्वर यांसारख्या खऱ्या पाणीजन्य रोगांविरुद्ध उपयोगी ठरल्या. इतिहासात कारण चुकूनही उपाय कामी येतो, याचे इतके लख्ख उदाहरण विरळा.

१६.
जाता जाता एक भाषिक गंमत. जमिनीतल्या त्या ट्रॅपला भारतभरचे अभियंते आजही इंग्रजीतसुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. दिल्लीच्या दुकानदाराला किंवा चेन्नईच्या प्लंबरला कदाचित ठाऊकही नसेल की तो रोज आपली 'न्हाणी' उच्चारतो आहे.

१७.
आतापर्यंत आपण अंघोळ करणाऱ्याच्या बाजूने पाहिले. पाणी शिरते का, मळ बसतो का, इतकेच. आता झिलई चढवणाऱ्याच्या बाजूने पाहू. त्या काळची चकचकीत झिलई कमी उष्णतेत वितळावी म्हणून तिच्यात शिशाची संयुगे घालत. इंग्लंडच्या स्टोक परिसरात कामगार, त्यांत अनेक स्त्रिया आणि किशोरवयीन मुली, टाइल आणि भांडी हाताने या द्रावात बुडवत. शिसे त्वचेवर, नखांत, तेथून पोटात जाई. मनगट लुळे पडणे, झटके, अंधत्व, गर्भपात. ज्या टाइलमुळे एका घराची भिंत 'आरोग्यदायी' ठरे, ती घडवणारीच्या घरात मूल जगत नसे.

१८.
सरकारने नेमलेल्या थॉर्प आणि ऑलिव्हर या तज्ज्ञांचा अहवाल १८९९ मध्ये आला. निष्कर्ष सरळ होता: पुष्कळशा मालासाठी शिशाविना झिलई शक्य आहे, आणि जेथे शिसे हवेच तेथे ते आधी काचेत वितळवून, दळून वापरावे, म्हणजे शरीरात सहज विरघळणार नाही. सदरलंडची डचेस मिलिसेंट हिने या प्रश्नावर मोहीम चालवली. कारखानदारांनी मात्र रंग खुलत नाहीत, माल महागतो, परदेशी स्पर्धक पुढे जातील अशा हरकती घेतल्या. सुधारणा झाली, पण दशके लागली. तंत्र उपलब्ध होते, विलंब हा निवडीचा होता, असे माझे मत आहे.

१९.
आणि शिसे हा तर अर्धाच भाग. पांढऱ्या मातीच्या भांड्यांत गारगोटीची पूड घालत. कोरडी गारगोटी दळताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाऊन माणसे मरतात, हे अठराव्या शतकाच्या आरंभीच दिसले होते. टॉमस बेन्सन याने १७२६ मध्ये गारगोटी पाण्याखाली दळण्याचे पेटंट घेतले, ते कोरड्या दळण्याने कामगार मरतात हे कारण देऊनच. हे साल लक्षात असू द्या. या धुळीने होणाऱ्या रोगाला आज सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही.

२०.
विसाव्या शतकाचा वेग थोडक्यात पाहू. १९२२ मध्ये सिधवा कुटुंबाने 'भारत' टाइल्सचा उद्योग सुरू केला. उरणला कारखाना होता, आणि आयात फरशीला देशी सिमेंटची फरशी हे त्यामागचे स्वदेशी उत्तर. १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा येथे फ्लॅट उभे राहिले आणि शौचकूप व न्हाणी प्रथमच मोठ्या प्रमाणावर घराच्या आत आली. 'विटाळा'च्या कल्पनेने ज्या गोष्टी परसात किंवा हाउसगल्लीकडे ठेवल्या होत्या, त्यांना स्वयंपाकघरापासून एका भिंतीच्या अंतरावर येता आले, यात फ्लशइतकाच धुऊन 'कोरी' करता येणाऱ्या पांढऱ्या टाइलचा हात होता. हाउसगल्लीतून मैला उचलणाऱ्या जातींचे काम मात्र त्याने संपले नाही, इतर वस्त्यांत ते चालूच राहिले.

२१.
स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये ट्वायफर्ड या जुन्या इंग्रज कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्थान ट्वायफर्ड्स सुरू झाली आणि चिनी मातीचे बेसिन देशात बनू लागले. पुढे गुजरातचे मोरबी, जे एकेकाळी कौले आणि भिंतीवरची घड्याळे यांसाठी ओळखले जाई, ते देशातील टाइल-उद्योगाचे केंद्र झाले. आज आपल्या भिंतीवरची टाइल तेथूनच आलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे. मोरबीतल्या सिरॅमिक कामगारांत सिलिकोसिसचे रुग्ण आढळले आहेत. धूळ स्टोकहून मोरबीला आली, इतकेच.

२२.
आता क्वार्ट्झ. दुकानात 'क्वार्ट्झ स्टोन' म्हणून मिळणारी फळी खाणीतून तशी निघत नाही. गारगोटीची पूड राळेत मिसळून, दाबून ती बनवतात. हे तंत्र इटलीत विकसित झाले, आणि १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एका इस्रायली कंपनीने ते जगभर नेले. बेसिनच्या ओट्याला आणि शॉवरच्या भिंतीला ते आदर्श वाटते: पाणी पीत नाही, डाग धरत नाही, मोठी फळी असल्याने सांधे कमी. साडेचार हजार वर्षांचे स्वप्नच जणू. परंतु ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण २० ते ४५ टक्के असते, आणि या फळीत पारंपरिक मिश्रणानुसार ९० टक्क्यांहून अधिक. बेसिनसाठी भोक पाडताना, कडा घासताना ती सगळी हवेत उडते.

२३.
इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया येथे तरुण कारागिरांत सिलिकोसिस दिसू लागला. जुन्या खाणकामगारांना तो दशकांनी होई, यांना काही वर्षांतच. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने अशा कृत्रिम दगडाच्या निर्मितीवर आणि वापरावर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. अमेरिकेला क्वार्ट्झच्या फळ्या पुरवणाऱ्या प्रमुख देशांत भारत आहे. आपल्या इमारतींखाली, पदपथाच्या कडेला, तोंडाला फडके बांधून कोरडा कटर चालवणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. बेन्सनचे पेटंट जवळजवळ तीनशे वर्षांचे झाले. पाण्याची एक नळी लावली तर धूळ खूप खाली बसते, तरी ती नळी बहुतेक ठिकाणी नसते.

२४.
मग घरी कोणी विचारले तर मी काय सांगतो? मोरीला आणि जमिनीला काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट, भिंतीला व्हिट्रिफाइड टाइल, बेसिन अखंड चिनी मातीचे, आणि दगड कोणताही घ्या, कापणी पाण्याखाली, मास्क लावूनच होईल हे ठेकेदाराकडून आधीच कबूल करून घ्या. कमी सिलिकाच्या फळ्या बाजारात येऊ लागल्या आहेत, त्यांचे प्रमाण मात्र कंपनीकडून लेखी मागावे.

२५.
एक विनंती. आपल्या वाड्यात, चाळीत, गावच्या घरी जुनी मोरी, न्हाणीतली धोंड किंवा दगडी दोण अजून शाबूत असेल तर तिचे छायाचित्र खाली जोडावे. सोबत गाव, घराचा अंदाजे काळ आणि दगड कोणता एवढे लिहावे. पुनर्विकासात सर्वांत आधी फुटते ती मोरी, आणि तिची नोंद कोणीच ठेवत नाही.